चालखूण

बँकेने माझ्या नवऱ्याला ओळखायचं नाकारलं, तो नेमका कस्तुरीच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता.

मी शाळेतून रजा काढून घरी थांबले होते. खरं तर काम काय, तर फोनवरून कॉलेजची फी भरायची, एवढंच. पण आमच्या घरात सोपं काम सोपेपणाने होत नाही, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले. चहा गाळून बाहेर आले तर दत्तप्रसाद फोन खिशात घालून अंगणात येरझारा घालत होता. माडापासून पंपाच्या खोलीपर्यंत आणि तिथून परत माडापर्यंत. छाती पुढे, खांदे ताठ, पावलं आपटत. कवायत चालली होती म्हणा ना.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाई, हो फोन माका वळखणा नाय."

मी गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते, म्हणून सगळा गाव मला बाई म्हणतो. नवऱ्याने लग्नानंतरही ती सवय सोडली नाही. मी फोन हातात घेतला. पडद्यावर लिहिलं होतं, 'आपण खातेदार आहात याची पुरेशी खात्री पटली नाही. कृपया नेहमीसारखे चालून दाखवा.'

"मग चाला की नेहमीसारखे."

"तर ह्या काय करतंय मी? एवढ्या चालण्यात सावंतवाडी इली असती."

आमची कस्तुरी पायरीवर बसून नुसती ऐकत होती. बापलेकीचं बोलणं मे महिन्यापासून कमीच झालं होतं. 'जेवलंस?' आणि 'हो', एवढ्यावर भागायचं. तिला कारवारच्या समुद्रविज्ञान संस्थेत जागा मिळाली होती. खाडीचं खारं पाणी विहिरींत कुठवर शिरतं आणि ते कसं थोपवायचं, हे तिला शिकायचं होतं. आमच्या शेजाऱ्यांची विहीर खारी झाली तेव्हा ती पाचवीत होती, आणि तेव्हापासून तिने दुसरं काही व्हायचं म्हटलंच नाही.

फी दत्तप्रसादच्याच खात्यातून जायची होती. मुलगी जन्मली त्याच वर्षी त्याने तिच्या शिक्षणाचं वेगळं खातं काढलं आणि नाटकाची सगळी बिदागी तिथे टाकली. त्याला हात लावायचा नाही, हा त्याचा बाणा. माझ्या खात्यात जे होतं ते मेमधल्या वादळाने उडवलेल्या छपरावर गेलं होतं. संध्याकाळपर्यंत फी पोचली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

थोडं विज्ञान सांगते. बाईच आहे, सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

पूर्वी फोनवर सहा आकडे यायचे आणि ते टाकले की बँकेचं काम व्हायचं. चोरांनी ते आकडे काढून घ्यायच्या नाना तऱ्हा शोधल्या. मग अंगठा आला, चेहरा आला, आवाज आला. पुढे यंत्रं चेहरे आणि आवाज हुबेहूब घडवू लागली आणि त्यांचाही भरवसा संपला. आमच्या शाळेतल्या एका बाईंना तर त्यांच्या स्वतःच्या आईच्या आवाजाने लुबाडलं. तेव्हा बँकांनी माणसाजवळची अशी एक गोष्ट शोधली, जी तो कुणाला सांगूच शकत नाही, कारण त्याची त्यालाच ती माहीत नसते. ती म्हणजे त्याची चाल.

आपण पाऊल टाकतो तेव्हा जमिनीचा एक धक्का अंगात शिरतो. तो घोट्यातून, गुडघ्यातून, कमरेतून वर चढतो. प्रत्येकाच्या हाडांची लांबी वेगळी, स्नायूंची ओढ वेगळी, जन्मभराच्या सवयी वेगळ्या, त्यामुळे हा धक्का दोन माणसांच्या अंगात सारखा चढत नाही. फोनमध्ये हालचाल मोजणारा एक चिमुकला तुकडा असतो, तो हे सगळं टिपतो. पहिला महिनाभर फोन मालकाची चाल नुसती शिकत राहतो. बँकेच्या कुलपाची किल्ली फोनच्या पोटात एका बंद चिपमध्ये असते. ती कधी बाहेर पडत नाही, बँकेलाही दिसत नाही. दर व्यवहाराला बँक एक नवं कोडं पाठवते. ते त्या किल्लीशिवाय सुटत नाही, आणि मालकच फोन अंगावर घेऊन चालतोय अशी खात्री पटल्याशिवाय चिप किल्लीला हात लावू देत नाही. चोराने फोन पळवला तरी चाल कुठून पळवणार? याचं नाव चालखूण.

खात्रीलाही पायऱ्या आहेत. बांगडे घ्यायचे तर थोडी खात्री पुरते. मोठी रक्कम हलवायची म्हटली की फोन कडक होतो.

चालखूण आल्यापासून गावात बऱ्याच गमती झाल्या. पाय मुरगळला की लोक डॉक्टरच्या आधी बँकेत जातात. नवी चप्पल घेताना दुकानदार 'चालखुणेक बाधा नाय' अशी शपथ घेतो. आणि संध्याकाळी दोन घोट घेऊन निघालेल्या माणसाचा फोन त्याला ओळखेनासा होतो, यामुळे आमच्या वाडीतल्या बायका या शोधावर इतक्या खूष आहेत की विज्ञानाचं एवढं कौतुक मी उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं.

पण माझा नवरा पीत नाही. पायही धड होता. मग फोनला झालं काय?

"चला सावंतवाडीला," मी म्हटलं. "शाखेतच जाऊ."

*

एसटीत दत्तप्रसाद खिडकीशी बसला. मी त्याच्याकडे बघत होते.

हा माणूस दशावतारी नट. त्यातही स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांची कामं करणारा. मी मिरजेहून इथे नोकरीला आले तेव्हा एका जत्रेत त्याला पहिल्यांदा पाहिलं. राज्य गेलेली राणी वनवासाला निघते तो प्रसंग होता. संवाद नव्हता, नुसता पखवाज चालू होता आणि ती रंगमंचाला एक फेरी घालून जात होती. देवळासमोरची सगळी माणसं, अगदी भजी तळणारासुद्धा, गप्प झाली होती. मी प्रेमात पडले ती एका बाईच्या, आणि लग्न केलं ते तिच्या आत असलेल्या माणसाशी. हे मी माहेरी अजून कुणाला नीट समजावू शकलेले नाही.

पंचवीस हंगाम त्याने ती राणी केली. आणि या मेमध्ये, शेवटची जत्रा झाल्यावर, लुगडं, खोटे केस, बांगड्या सगळं पेटाऱ्यात ठेवून म्हणाला, "आता पुरे झाला. मी परत रंगाक बसूचंय नाय."

का, ते सांगितलं नाही. पण मला अंदाज होता. त्या शेवटच्या जत्रेला कस्तुरीच्या प्रवेशपरीक्षेच्या वर्गातल्या मुली आल्या होत्या. त्यांनी राणीचं चित्रीकरण केलं, त्यावर हसण्याचे आवाज घातले आणि ते सगळीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशी कस्तुरी घरी आली ती थेट खोलीत गेली आणि दार लावून बसली. दत्तप्रसाद बराच वेळ त्या दाराबाहेर उभा होता. दार वाजवायला उचललेला हात त्याने खाली घेतला, तो मी पाहिला होता.

तेव्हापासून तो असा चालत होता. ताठ, जड, पावलं आपटत. मला वाटलं रागाने असेल, किंवा गुडघे धरले असतील. पन्नाशी जवळ आली की काहीतरी धरतंच.

*

शाखेत काउंटरसमोर निळी रबरी पट्टी अंथरलेली होती. तिला चालपट्टी म्हणतात. ओळखीचे तंटे सोडवणारा अधिकारी बिराजदार नावाचा तरुण होता, अक्कलकोटकडचा, नुकताच बदलून आलेला. अगदी नम्र. पण नम्र माणसं नियमाला जास्त चिकटून असतात, असा माझा अनुभव.

"काका, फोन खिशात ठेवा आणि एकदा चालून दाखवा."

दत्तप्रसाद चालला. भिंतीवरच्या पडद्यावर हिरवी रेघ पाव उंचीपर्यंत चढली आणि थांबली. फी भरायला ती जवळजवळ टोकाला जायला हवी होती.

"पुन्हा एकदा, नेहमीसारखं."

"आता नेहमीसारखा म्हंजे कसा, ता तरी सांगा!" दत्तप्रसाद वैतागला. "मी काय चोर आसंय?"

"तसं नाही हो काका. नवी चालखूण शिकवता येईल, पण त्याला महिना जातो, आणि तोवर मोठे व्यवहार बंद. तसं नाही केलं तर चोर रोज येऊन आपली चाल शिकवून जातील."

"अहो, हा माणूस तुमच्यासमोर उभा आहे," मी म्हटलं. "चेहरा बघा, कागद बघा."

"मॅडम, काकांसारखा चेहरा मी जेवणाच्या सुट्टीत बनवून देतो."

कस्तुरी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती आणि बघत नाही असं दाखवत होती.

बिराजदारने पडद्यावर दोन नागमोडी रेषा काढल्या. एक फोनने साठवलेली, एक आत्ताची. त्या ताडून बघत तो आवाज खाली आणून म्हणाला, "काका, रागावू नका, पण ही साठवलेली चाल मला पुरुषाची वाटत नाही. कमरेचा झोका बघा. पाऊल आधी बोटांवर येतंय, मग टाच टेकतेय. फोन शिकत होता तेव्हा तो कुणी बाई वापरत होत्या का? मॅडम, तुम्ही? तसं असेल तर आत्ताच सांगा. मला खातं गोठवावं लागेल."

"मी कशाला वापरू यांचा फोन?"

"मग एकदा चालून दाखवता?"

मी फोन कमरेला खोचला आणि पट्टीवरून चालले. रांगेतली माणसं बघत होती. हिरवी रेघ जागची हललीच नाही म्हटलं तरी चालेल. नवऱ्यापेक्षाही कमी! जन्माची बाई मी, आणि यंत्राच्या हिशेबी माझा नवरा माझ्यापेक्षा जास्त बाई निघाला. एरवी मी पोट धरून हसले असते.

पण हसू आलं नाही, कारण त्याच क्षणी माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला.

"अहो," मी नवऱ्याला विचारलं, "हा फोन घेतला तेव्हा हंगाम होता ना? तुम्ही फोन कुठे ठेवायचात?"

"खंय म्हंजे? कमराक. लुगड्याच्या आत."

तेच. त्याच्या आधीच्या वर्षी रंगपटातून, म्हणजे नट जिथे रंगतात त्या माडाच्या झापांच्या खोलीतून, कुणीतरी त्याचा फोन लांबवला होता. तेव्हापासून राणी वनवासाला निघायची ती कमरेला फोन बांधून. हंगामात रोज एक गाव, रोज एक जत्रा. दिवसा दत्तप्रसाद झोपलेला, फोन उशाशी गप्प पडलेला. चालणं असं व्हायचं ते रंगमंचावरच. महिनाभर फोन मन लावून शिकला आणि त्याने ठरवून टाकलं की आपली मालकीण एक राणी आहे. दशावतारी नट सोडून फोनची अशी फसगत दुसरं कोण करणार?

मी हे सगळं बिराजदारला सांगितलं. तो दत्तप्रसादकडे वळला. "म्हणजे काका नाटकात बाई होतात?"

"बाई नाही," मागून आवाज आला. "राणी."

कस्तुरी होती. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलली होती.

*

बिराजदारचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला! काका, ती चाल चालून दाखवा. मी इथेच बसतो."

"हयसर?" दत्तप्रसादने रांगेकडे पाहिलं. पेन्शनवाले म्हातारे, मासे विकून आलेली एक आजी, दोन कॉलेजची पोरं. "ह्या लोकांसमोर?"

हजारो माणसांसमोर पंचवीस वर्षं उभा राहिलेला माणूस आठ-दहा जणांना बिचकला. मला त्याची फार दया आली. मी त्याच्या दंडाला हात लावला, तेव्हा तो फोन खिशात सारून पट्टीवर जाऊन उभा राहिला.

आणि त्याने केलं ते भयंकर होतं. एक हात कमरेवर, मान वाकडी, कंबर इकडे तिकडे. वाईट नट बायकांचं काम करतात तसं, ज्यांना तो स्वतः रंगपटात शिव्या घालायचा. कॉलेजची पोरं फिसकन हसली. रेघ आणखी खाली आली.

तो परत आला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "माका जमूचा नाय. लुगडा नाय, रंग नाय, पखवाज नाय. राणी खंयसून येतली? चल गो कस्तुरी. पुढच्या सालाक बघूया."

पुढच्या सालाक! खारं पाणी काय हिच्यासाठी वर्षभर थांबणार होतं? मी तोंड उघडणार, एवढ्यात कस्तुरी त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तू काम सोडलंस ता माझ्यामुळे?"

"आता ह्या हयसर कित्याक?"

"सांग."

दत्तप्रसादने जमिनीकडे बघत सांगितलं. "तुका माझी लाज वाटली ना. त्या चेडवांनी हसान हसान ता गावभर दाखवल्यानी. तू येवन दार लावन बसलंस. माका काय कळणा नाय?"

"लाज?" कस्तुरीचा आवाज चढला. सगळी बँक ऐकायला लागली. "बाबा, मी त्या चेडवाच्या कानफटात मारलंय! सगळ्या वर्गासमोर. आवशीक कळला तर ती माका सोडूची नाय, म्हणान दार लावन बसलंय! आणि दुसऱ्या दिवशी तू पेटारो बंद केलंस. माका वाटला तुकाच कंटाळो इलो. मी काय बोलतलंय?"

मी शिक्षिका. माझ्या मुलीने वर्गात मुलीला थोबाडीत मारली हे मला बँकेत, रांगेसमोर कळत होतं. एरवी मी तिला चांगली सुनावली असती. त्या क्षणी मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं.

दत्तप्रसाद नुसता 'गो बाये, गो बाये' करत राहिला. पंचवीस वर्षं संवाद जागच्या जागी रचून बोलणारा नट तो.

कस्तुरीने आपली ओढणी काढली. त्याच्या खिशातला फोन घेऊन ओढणीत गुंडाळला आणि त्याच्या कमरेला घट्ट गाठ मारून बांधला, लहानपणी रंगपटात बघितलं होतं तसा. मग ती बाजूच्या लाकडी टेबलाकडे गेली. त्यावरचे कागद तिने सरकवले आणि दोन्ही तळवे टेबलावर टेकले.

"सर, पाचच मिनिटं," ती बिराजदारला म्हणाली, आणि वाजवायला लागली.

पखवाजाचा ठेका होता तो. वनवासाचा. हिने कधी पखवाजाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. पण चालायला लागायच्या आधीपासून ती हंगामभर पडद्यामागे, पखवाजवाल्याच्या शेजारी, पेटाऱ्याला टेकून झोपायची. तो ठेका तिच्या कानात मुरलेला होता. लाकडाचा आवाज पखवाजासारखा भरीव नव्हता, जरा ठोकळाच होता. पण लय चुकत नव्हती.

दत्तप्रसाद पट्टीच्या सुरुवातीला जाऊन उभा राहिला. मग त्याचे खांदे उतरले. मेपासून ताठ धरलेले ते खांदे उतरलेले पाहिले आणि माझ्याच पाठीवरचं ओझं गेलं. हनुवटी किंचित वर झाली. उजवं पाऊल उचललं गेलं, आधी बोटं टेकली, मग टाच.

ती निघाली.

तुरीच्या डाळीच्या पिवळ्या रंगाचा शर्ट, राखाडी पँट, वाढलेली दाढी, यातलं काही दिसेनासं झालं. राज्य गेलं होतं, मागे वळून बघायचं नव्हतं आणि बघावंसं तर वाटत होतं, असं त्या चालण्यात होतं. पट्टीच्या टोकाला ती क्षणभर थांबली. तिथे मान वळते, पण पाय वळत नाहीत. मी ती जागा कितीदा पाहिली असेल. दर वेळी माझे डोळे भरतात, त्या दिवशी तर वाहायलाच लागले.

मासेवाली आजी खुर्चीतून उठली आणि टोपली बाजूला ओढून तिने वाट मोकळी केली. ती पोरंही हसायची थांबली.

"झालं," बिराजदार हळूच म्हणाला. "मॅडम, झालं बघा."

रेघ टोकाला पोचली होती. पडद्यावर अक्षरं उमटली, 'ओळख पटली. नमस्कार, दत्तप्रसाद सातार्डेकर.'

फोनने बँकेचं कोडं सोडवलं आणि फी गेली. कारवारहून पोच येईपर्यंत कस्तुरी टेबलावर तशीच तळवे टेकून उभी होती. पोच आली तेव्हा बापाने तिला जवळ घेतलं आणि दोघंही रडली. बिराजदार उगाच संगणकात काहीतरी शोधत बसला.

*

निघताना त्याने आम्हाला थांबवलं. "काका, फोनमध्ये एक नोंद असते, रोज किती खात्री पटली त्याची. तुमची परवानगी असेल तर दाखवतो. मला त्यात एक गंमत वाटते."

दत्तप्रसादने मान हलवली. पडद्यावर तीन वर्षांचा आलेख आला. सगळा वर वरच होता.

"हे बघा. बाजारात, घरी, एसटी स्टँडवर, पँट-शर्टात. फोन तुम्हाला रोज बरोबर ओळखत होता. तेव्हा काही तुम्ही राणी नव्हता. पण एवढ्या वर्षांत तिचं थोडंफार तुमच्या पायांत उतरलंच असणार, आणि फोनला तेवढं पुरत होतं. उतार लागलाय तो मेपासून. मेमध्ये काय झालं?"

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं. मला मात्र अंगणातली ती कवायत आठवली. छाती पुढे, खांदे ताठ. माझ्या नवऱ्याने मेमध्ये नाटक सोडलंच नव्हतं. खरं म्हणजे तेव्हाच सुरू केलं होतं, घरात, आमच्यासमोर, आणि ते इतकं वाईट करत होता की साधा फोनसुद्धा फसला नाही. मी विज्ञानाची बाई, दोन महिने समोर बघत होते आणि गुडघे धरले असतील म्हणत होते.

"मग नवी चालखूण शिकवायची का?" बिराजदारने विचारलं. "म्हणजे पुन्हा असा घोटाळा नको. जुनी पुसून टाकतो, महिनाभरात नवी तयार होईल."

दत्तप्रसादने कमरेची ओढणी सोडली, नीट घडी करून कस्तुरीच्या हातात दिली.

"नको सर," तो म्हणाला. "आसा ती बरी आसा."

"मग निदान जत्रा कधी असते ते तरी सांगा. आमच्याकडे हा प्रकार नाही."

"कार्तिकात येवा. पुढची खुर्ची तुमची."

हे तो बोलून गेला आणि मग स्वतःच गडबडला. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. माणसाला सवड द्यावी लागते.

*

ऑगस्टमध्ये कस्तुरी निघाली. स्टेशनवर दत्तप्रसाद तिची मोठी बॅग घेऊन पुढे चालत होता आणि आम्ही मागून. वसतिगृहाची अनामत भरायची राहिली होती, ते तिला तिकडे प्लॅटफॉर्मवर आठवलं.

"झाला!" तो बॅग खाली ठेवून म्हणाला. "आता हयसर राणी होवन दाखवूक होया."

त्याने खिशातून फोन काढला आणि तसाच बघत राहिला. मग पडदा माझ्यापुढे धरला. ओळख पटलेलीच होती. फाटकापासून इथवर जड बॅग घेऊन, घामाघूम होऊन, लेकीला 'पाणी घेतलंस? डबो घेतलंस?' विचारत तो चालत आला होता, तेवढ्यात फोनने त्याला ओळखून ठेवलं होतं.

गाडी आली. कस्तुरी आमच्या पाया पडली आणि डब्यात चढून दारात उभी राहिली. गाडी हलली तशी तिने डब्याच्या पत्र्यावर तळव्याने ठेका धरला. तोच. दत्तप्रसाद गाडीबरोबर चालायला लागला. प्लॅटफॉर्मवरची माणसं वळून बघत होती, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो राणीसारखा चालत होता की दत्तप्रसादसारखा, हे मला सांगता येणार नाही. मी लग्न ज्या माणसाशी केलं तो चालत होता, एवढं मला कळलं.

शेवटचा डबा गेला. तो प्लॅटफॉर्मच्या टोकाला थांबला. मान वळली, पाय वळले नाहीत. मग मात्र पायही वळले आणि तो माझ्याकडे चालत आला.

परत येताना एसटीत तो खिडकीशी बसला. श्रावणातलं ऊन पडलं होतं, शेतं चकाकत होती. आमच्या फाट्याजवळ आल्यावर खिडकीबाहेर बघतच तो म्हणाला, "बाई, पेटारो उघडूक होयो. लुगडा उन्हात घालूक होया. पावसात वास मारता."

"कालच घातलंय," मी म्हटलं.